देशाची प्रगती एका आकड्यात मोजावी का?

ओसरी (धागाकर्ता):
संयुक्त राष्ट्रांच्या 2025च्या मानव विकास अहवालात भारत 193 देशांत 130वा आहे. उत्पन्न, आयुर्मान आणि शिक्षण मिळून काढलेला निर्देशांक 0 ते 1 मध्ये 0.685. 2022 मध्ये पेट्रोलसाठी रांगा लागलेली श्रीलंका मात्र 89वी. नुसतं उत्पन्न बघितलं तर हा फरक नीट कळतच नाही. आयुर्मान आणि शिक्षण धरलं की कळतो. 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी हे माप आणलं, तेव्हा अमर्त्य सेन यांनाही ते फार ढोबळ वाटलं होतं. जीडीपीला टक्कर द्यायची तर तसाच एक सुटसुटीत आकडा हवा, असं हक यांचं म्हणणं. मला ते पटतं.

खडूफळा:
मला नाही पटत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आठवीतला मुलगा हातच्याच्या वजाबाकीला अडतो, तरी त्याचं वर्ष मोजणीत येतंच. तुम्ही शाळेतली वर्षं मोजता, शिकणं नाही.

पाणंद:
शिवाय ही सगळी सरासरी. त्याच अहवालात विषमता धरली की भारताचा निर्देशांक 30.7 टक्क्यांनी घसरतो. मग बातमीत 0.685च का छापायचा?

ओसरी:
पाणंद, घसरलेला आकडाही छापायलाच हवा, मान्य. पण खडूफळा सर, वर्षांना कमी लेखू नका. पंचविशी ओलांडलेल्या भारतीयाचं सरासरी शिक्षण सुमारे 6.9 वर्षं, आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाचं अपेक्षित 13. माझ्या घरात हे अंतर म्हणजे आई आणि लेक. आई चौथीनंतर खुरपं घेऊन शेतात गेली, कारण पुढची शाळा लांब होती. लेकीच्या वर्गातल्या मुली वाड्यांवरून निळ्या ‘मानव विकास’ एसटीनं येतात, तिकीट नाही. ही गाडी मागास तालुक्यांतल्या मुलींसाठीच असते. तालुका मागास आहे हे कुणीतरी आकडे मांडूनच ठरवलं ना?

सांजवात:
लोकांनाच विचारा की! जागतिक आनंद अहवालात 0 ते 10 पायऱ्यांची शिडी देतात, तुम्ही कुठे आहात ते सांगायचं. 2018पासून फिनलंड पहिला.

खडूफळा:
सोसायची सवय झालेली बाई वरचीच पायरी सांगेल, ताई. ओसरी, ती निळी गाडी आमच्याही फाट्यावर थांबते. पण दहावीनंतर माझ्या दोन विद्यार्थिनी त्या गाडीत दिसल्या नाहीत. लग्नं लावून दिली. हे तुमच्या निर्देशांकात कुठे दिसतं?

ओसरी:
वर्षं कमी भरली एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. लिंगविषमता निर्देशांकात किशोरवयीन मातांचं प्रमाण धरतात. तो याच्या शेजारीच छापायला हवा, हे तुमचं मी घेतो.