'मूळ संख्येचं आदिम मूळ': हे वाक्य कसं सुटावं?

नौपाडा: ठाण्यातल्या एका मराठी शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता लिहून देतेय. विषय २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही प्राईम, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच पूर्ण भाग न जाणारी, असल्याचं गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं. घोडं अडलंय पुढच्या ओळीवर. ७ हे तिचं 'प्रिमिटिव्ह रूट'. ७ चे घात करत जा, दर वेळी या संख्येने भागा, तर शून्य सोडून शक्य ती प्रत्येक बाकी कधी ना कधी येतेच. मराठीत लिहिलं, '७ हे या मूळ संख्येचं आदिम मूळ'. मैत्रीण म्हणाली, दोन मुळं कशाला, प्राईमसाठी 'अविभाज्य' लिही. मी शाळेपासून 'मूळ'च ऐकलंय. काय करू?

पाचपाखाडी: मूळच. पाठ्यपुस्तकात मूळ, संयुक्त, सहमूळ, जोडमूळ अशी सगळी भावंडं आहेत. एकीचं नाव बदललंत तर बाकीच्यांचं काय?

ऐरोली: शिवाय मराठीत 'अविभाज्य' म्हटलं की पुढे 'भाग' किंवा 'घटक' येतो. आणि प्राईमला १ ने आणि तिने स्वतः भाग जातोच की.

वाशी: पण वर्गमूळ, घनमूळ, समीकरणाची मुळं यांत तो शब्द आधीच गुंतलाय. मी कोडिंग शिकवतो. संगणकात अधिक-उणे चिन्हासहित पूर्णांक ३२ बिटमध्ये (३२ शून्य-एकांच्या जागेत) साठवला, तर त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच, त्यामुळे पोरं तिला चेहऱ्याने ओळखतात आणि 'प्राईम'च म्हणतात. कळलेला शब्द काढून न कळणारा कशाला द्यायचा?

कळवा: वाशीकर दादा, न कळणारा कसा? मुळाक्षरं कळतात ना? अक्षरांतून शब्द, तसा मूळ संख्यांच्या गुणाकारातून बाकीच्यांचा संसार. रसायनात मूलद्रव्य आणि संयुग, इथे मूळ आणि संयुक्त. माझ्या मते नाव याच विचारातून आलं. आमच्या गुरुजींनी फळ्यावर २०४७ = २३ × ८९ मांडलं होतं. घातांक ११ मूळ, तरी २ चा ११ वा घात वजा १ संयुक्त निघाली! 'प्राईम'मध्ये हे घराणं दिसत नाही.

वाशी: घराणं शिक्षकाला दिसतं. मुलाला आधी दार दिसू द्या.

नौपाडा: तक्ता शुक्रवारी द्यायचाय. दुसऱ्या 'मूळ'साठी कुणी काही सुचवेल का?

ऐरोली: 'जनक' लिहा, सगळ्या बाक्या त्यातूनच जन्मतात. पण ताई, मुलं ही संख्या वाचणार कशी? 'दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख...' असं लिहून द्या.

पाचपाखाडी: दोनशे चौदा कोटी का? 'दोन अब्ज चौदा कोटी' म्हणा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अब्ज आहे, आपणच तो टाकून दिलाय.

कळवा: बाजारात कोण अब्ज म्हणतं? आणि शेवटी 'सत्तेचाळीस'च लिहा. 'चाळीस सात' लिहिलंत तर मी तक्ता बघायलाही येणार नाही.

वाशी: का नाही? जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलाला 'चाळीस सात' लगेच उमगतं, माझ्या भाचीचंच सांगतो...