अनुभव धागा : झेडपीची शाळा चांगली आहे की नाही, हे तुम्ही कसं ओळखलंत?

माळावरची :
मंडळी, येत्या जूनमध्ये लेक पहिलीत जाईल. नवऱ्याची बदली तालुक्याच्या गावी झाली आहे आणि जिल्हा परिषदेची शाळा अगदी मागच्या गल्लीत आहे. इंग्रजी शाळेची पिवळी बस दारासमोरून जाते आणि सासूबाईंचं "पोरीला झेडपीत घालणार?" रोज चालू असतं. मराठी की इंग्रजी हा वाद इथे नको. शाळा बघायला जाताना नेमकं काय बघू, तेवढं सांगा. आत्तापर्यंत भिंतीवर रंगवलेला रेल्वेचा डबा तेवढा बघितलाय. स्वतः अनुभवलेलं लिहा, "आमच्या वेळी" नको.

चिंचगूळ :
सुरुवात घरबसल्या करा. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. तो टाकला की पट, शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह असं सगळं ऑनलाइन दिसतं. पण तेवढ्यावर थांबू नका. आमच्या शाळेच्या माहितीत मुलींचं स्वच्छतागृह "आहे" होतं. जाऊन बघितलं, तर होतंच. कुलूप लावलेलं. किल्ली ऑफिसात, आणि ती मागायला पोरी लाजायच्या.

निवृत्त गुरुजी :
ध्वजवंदनाला सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. साध्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर जा, पोरं पेंगुळलेली आणि मास्तरही दमलेला असतो तेव्हा. मुख्याध्यापकांना विचारून वर्गात बसा. तिसरीतलं मागे बसणारं एखादं मूल बघा आणि त्याला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला द्या. मुलांना वाचन-गणित किती येतं हे गावोगाव पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातही मुलांना असेच सोपे उतारे वाचायला देतात. उतारा मात्र पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. पुस्तक उलटं धरलं तरी पोरगं घडाघडा म्हणून दाखवतं. घरातलं गोष्टीचं पुस्तक न्या. अडखळला तरी चालेल, पण गोष्टीत काय झालं ते त्याला सांगता आलं पाहिजे.

आता पटाचं. कायद्याने प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे प्रमाण छानच दिसतं, पण दोघांच्या वाट्याला चार-पाच इयत्ता येतात. म्हणून एका इयत्तेला शिकवणं चालू असताना बाकीची पोरं काय करतात, ते बघायचं. आमच्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेत बाई पहिलीला काना-मात्रा शिकवत होत्या. तिसरीची पोरं व्हरांड्यात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन वजाबाकी करत बसलेली. बत्तीसातून सात जाईनात, की एक गठ्ठा सोडायचा, सुट्या काड्या बारा झाल्या, आता काढा सात. चौथीतली एक मुलगी मधूनमधून येऊन तपासून जायची. बाईंना मान वर करावी लागली नाही. दुसऱ्या शाळेत बाकीच्यांना "पाढे लिहा" एवढंच काम. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तपासणीला आलेल्या साहेबांना हीच शाळा आवडली, हे वेगळं सांगायला नको.

रानजाई :
शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मागा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असाव्या लागतात. मी सभासद आहे हे मला कधी कळलं, तर एक पोरगा सही घ्यायला घरी आला तेव्हा! दर सभेला तेच ठराव, तेच अक्षर दिसलं की काय ते समजा. पुढच्या सभेला मी जाऊन बसले. चहा मागवायची वेळ आली, कारण खरोखर सभा घ्यायची सवयच नव्हती कुणाला.

भातखाचर :
पोषण आहार स्वतः खाऊन बघा. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. वाढण्याआधी चव घेतल्याची नोंदवही असते, तीही बघायला मागा. आमच्याकडे स्वयंपाकी ताई वरणात शेवग्याचा पाला घालतात. त्या शाळेबद्दल मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

उंबरठा :
आम्ही मुलीला काढलं. "डिजिटल शाळा" असा फलक होता आणि प्रोजेक्टरवर कायम दुपटं. ते सोडा. गुरुजी मनापासून शिकवायचे. पण दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली, जागा वर्षभर रिकामी राहिली, आणि उरलेले गुरुजी कधी मतदार यादीत, कधी ऑनलाइन माहिती भरण्यात. कायद्याप्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर काम द्यायचं नसतं म्हणे. निवडणुकीच्या नावाखाली काय काय बसवता येतं ते आम्ही पाहिलं. गुरुजींवर राग नाही, पण काना-वेलांटी शेवटी घरीच शिकवावी लागली.

लोकलची खिडकी :
महापालिका शाळा, मुंबई. गल्लीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांना विचारा, "आज काय केलं शाळेत?" रोज "काय नाय" आलं तर दुसरी शाळा बघा.

माळावरची :
गुरुजी, असं पुस्तक घेऊन गेले तर त्यांना तपासणी वाटणार नाही का?

निवृत्त गुरुजी :
वाटेल की. पण मुलं वाचणारी असतील, तर शिक्षक स्वतः म्हणेल, याला विचारा, हिलाही विचारा. तुमची सुटका होणार नाही. आणि ताई, बदल्यांच्या यादीत पहिलीच्या बाई आहेत का, याची चौकशी करून ठेवा. त्या जाणार असतील, तर नवीन कोण येतंय हे कळेपर्यंत प्रवेशाची घाई करू नका. जून उजाडल्यावरही शाळा नाही म्हणत नाही.