युरोपातल्या कस्टमरला उद्या कोणतं कौशल्य लागणार, हे भोसरीतल्या छोट्या कारखान्याला आधी कसं कळावं?

इंजेक्टर_भोसरी

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघते. ऑपरेटर, सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारे), क्वालिटी धरून सव्वाशेच्या आसपास माणसं. मुख्य काम डिझेल इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या भागाच्या, बॉडीचं आणि त्यातला बराचसा माल जर्मनीत श्टुटगार्टच्या परिसरात जातो.

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला की २०३५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. तो नियम सैल करण्यावरून तिकडे ओढाताण चालू आहे, हे मीही वाचते. पण आज आमच्याकडे लागलेला ॲप्रेंटिस तेव्हा जेमतेम तिशीत असेल. नियम चार-पाच वर्षं पुढे गेला तरी त्या मुलाचं अर्ध्याहून जास्त नोकरीचं आयुष्य बाकीच असणार. त्याला आज काय शिकवायचं, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

आमच्याकडे नव्या कौशल्याची खबर ड्रॉइंगवरून येते. कस्टमर नवं रिव्हिजन पाठवतो, त्यात एखादी टेस्ट वाढलेली असते, मग धावाधाव. मागे ॲल्युमिनियम हाउसिंगची (बाहेरच्या पेटीची) चौकशी आली होती, त्यात हीलियम लीक टेस्ट, म्हणजे हीलियम वायू वापरून बारीक गळती शोधायची तपासणी, मागितली होती. मशीन कुठून तरी मिळालं असतं. ते चालवून निकाल वाचणारा माणूस काही मिळाला नाही. काम चाकणला दुसरीकडे गेलं. आमचे सेटर मायक्रॉनमध्ये काम करतात हो, त्यांना हे शिकायला कितीसा वेळ लागला असता? फक्त वर्षभर आधी कळायला हवं होतं.

आपल्याकडे ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल आहे. सियाम, ॲक्मा, फाडा अशा उद्योगाच्याच संघटनांनी ती उभी केली. युरोपातही पुढे कोणती कौशल्यं लागणार याचे क्षेत्रवार अंदाज बांधतात असं ऐकलंय. पण माल भोसरीत बनतो आणि उद्या काय लागणार ते श्टुटगार्टमध्ये ठरतं. तिकडचे अंदाज आमच्यासारख्यांना वापरता येतात का? कोणी करून बघितलं असेल तर सविस्तर लिहा.

कोथरूड_ते_नेकार

ताई, मी मूळचा कोथरूडचा, आता श्टुटगार्टजवळ एका सप्लायरकडे प्रोसेस इंजिनिअर आहे. तुम्हाला उपयोगी पडेल असं बरंच साहित्य फुकट उपलब्ध आहे, आपल्याकडे कोणी ते उघडून बघत नाही एवढंच.

२०१८ मध्ये युरोपात ड्राइव्ह्ज नावाचा प्रकल्प सुरू झाला, फक्त वाहन उद्योगातल्या कौशल्यांसाठी. वेगवेगळ्या देशांतले उद्योग, विद्यापीठं आणि प्रशिक्षण संस्था एकत्र बसल्या आणि कोणती कामं येणार, त्यासाठी काय शिकवावं लागेल हे मांडलं. बॅटरीसाठी तसाच ॲल्बॅट्स नावाचा प्रकल्प झाला. पुढे यातूनच ऑटोमोटिव्ह स्किल्स अलायन्स उभी राहिली. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला सेडेफॉप ही युरोपियन युनियनची संस्था आहे, ती सगळ्याच क्षेत्रांचे अंदाज काढते. पण तुम्ही सुरुवात बाडेन-व्युर्टेमबर्गच्या, म्हणजे श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच्या, ई-मोबिल बीडब्ल्यू या संस्थेपासून करा. इंजिन आणि गिअरबॉक्सवर पोट असलेल्या तिथल्या कारखान्यांचं काय होणार, यावर तिचा मोठा अभ्यास आहे. तुमचा माल त्याच राज्यात जातो. जर्मन आहे, पण हल्ली भाषांतर करून घेणं अवघड नाही.

एक काळजी घ्या. त्यातल्या ‘इतकी माणसं लागतील’ या आकड्यांवर भरती ठरवू नका. स्वीडनमध्ये शेलेफ्टिओला नॉर्थव्होल्टचा बॅटरीचा अवाढव्य कारखाना आला, माणसं देशोदेशींहून आली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कामांची वर्णनं वाचा: कोणती टेस्ट, कोणतं मशीन, कोणती तपासणी. कंपनी बुडाली तरी लीक टेस्ट लागणारच आहे.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. या प्रकल्पांमधले भागीदार युरोपातले. पुण्यातून जाणाऱ्या भागांवर तिकडच्या असेंब्ली लाइन चालतात, पण भाग बनवणाऱ्या माणसाची बाजू मांडायला तिथे कोणी नसतं. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार झाला, तो कुशल माणसं तिकडे पाठवण्यासाठी. चांगलाच आहे. पण जे भोसरीत राहूनच तिकडचं काम करतात त्यांच्या प्रशिक्षणाबद्दलही दोन्ही सरकारांनी बोलायला हवं. त्यांची संख्या कितीतरी जास्त आहे.

नटबोल्ट_पिंपरी

आमचा फास्टनरचा कारखाना आहे. आम्हाला नवं कौशल्य मशीनवर लागलंच नाही, ऑफिसात लागलं. युरोपच्या कार्बन सीमाशुल्कात, म्हणजे सीबॅममध्ये, स्क्रू आणि नट-बोल्टसुद्धा येतात. ऑक्टोबर २०२३ पासून तिकडचा आयातदार विचारू लागला की तुमच्या एका टन मालामागे कार्बन किती. वायर कोणत्या स्टील प्लांटची, हीट ट्रीटमेंटला वीज किती, गॅस किती, सगळं हवं. आमच्या अकाउंट्सच्या मुलीने मेंटेनन्सवाल्यांबरोबर बसून मीटर वाचायला शिकून घेतलं आणि आज ते काम तीच सांभाळते. इंजेक्टरच्या भागांना हे सध्या लागू नाही, पण तुमच्या मालकांच्या कानावर घालून ठेवा.

क्वालिटी_काका_चिंचवड

ताई, माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली, इंजेक्टरचीही बरीच वर्षं. तुम्ही बाहेर शोधताय ते तुमच्या घरातच आहे. तुमच्याकडे मिलिपोर टेस्ट होत असणारच. पार्ट धुवायचा, द्रव फिल्टर पेपरमधून गाळायचा, पेपर वाळवून वजन करायचं, मग मायक्रोस्कोपखाली कण मोजायचे. डिझेलमध्ये हे का करतो? नोझलच्या छिद्रात कण अडकला तर इंजेक्टर गेला. आता बॅटरीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॉक्समध्ये धातूचा बारीक कण राहिला तर तो दोन टर्मिनलमध्ये पूल बांधतो आणि शॉर्ट सर्किट होतं. कारण वेगळं, टेस्ट तीच. स्वच्छतेच्या तपासणीचं जर्मनांचं मानक व्हीडीए १९ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १६२३२ दोन्हीकडे चालतं. फरक एवढाच की इथे कण धातूचा आहे की कपड्याच्या धाग्याचा, हे ओळखणं फार महत्त्वाचं.

ॲल्युमिनियम हाउसिंग करणाऱ्या पुष्कळ कारखान्यांना ही शिस्त नवीन आहे. बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कूस) काढणं, वॉशिंग, पॅकिंगपर्यंत स्वच्छता राखणं, हे तुमच्या लोकांच्या हातात बसलेलं आहे. त्यांना फक्त ‘डिझेलवाले’ समजू नका. नवा ॲप्रेंटिस आधी सहा महिने मिलिपोरच्या खोलीत द्या.

इंजेक्टर_भोसरी

काका, हे वाचून खरंच धीर आला. आमच्या मिलिपोरच्या खोलीत तीन मुली आहेत आणि आजवर एकाही ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. सगळा खर्च व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनिंग सेंटरच्या) सेटरवर व्हायचा. या महिन्याच्या यादीत त्यांची नावं वर घेतेय, धातूचा कण ओळखण्यासाठी आणि लीक टेस्टसाठी.

कोथरूडकर दादा, ई-मोबिलचा अभ्यास उतरवून घेतला. तुमचा मुद्दा आमच्या आसपासच्या चार-पाच कारखान्यांपुढे मांडणार आहे. सगळ्यांचा कस्टमर त्याच भागातला. एकेकट्याने विचारलं तर कोणी दाद देणार नाही. सगळ्यांनी मिळून पर्चेसऐवजी तिथल्या क्वालिटी विभागाला विचारलं, की पुढच्या तीन वर्षांत ड्रॉइंगवर कोणत्या नव्या टेस्ट येणार, तर उत्तर मिळेल का? मराठा चेंबरमार्फत (पुण्यातल्या उद्योजकांच्या संघटनेमार्फत) पत्र गेलं तर जास्त वजन पडेल का?

कोथरूड_ते_नेकार

क्वालिटीलाच लिहा, पर्चेसला फक्त प्रत पाठवा. चेंबरचं पत्र असेल तर उत्तमच. पण ‘कौशल्य’ म्हणून विचारलं तर तो कागद एचआरकडे जाऊन पडेल. टेस्टची नावं घालून विचारा: लीक टेस्ट, व्हीडीए १९, लेझर वेल्डिंगची तपासणी. मसुदा इथे टाका, जर्मन मी करून देतो.