मदत हवी आहे: पोळा करून निघायचं आणि चवथीच्या आधी दिवाडी बेटावर पोचायचं, सोबत सासूबाई

दिवाडीची_लेक

नमस्कार मंडळी,

माझं सासर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातलं एक खेडं. माहेर गोव्यात, मांडवी नदीतलं दिवाडी बेट. मी एकुलती, त्यामुळे वडील गेल्यापासून तिथलं घर माझ्याकडे आलं. ते विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, हे मी आणि ह्यांनी तेव्हाच ठरवलं. मे महिन्यात कौलं परतून घ्यायला आम्ही जातो. त्या जाण्याची मला काळजी नसते, एखादा दिवस मागेपुढे झाला तरी काही बिघडत नाही.

काळजी आहे ती चवथीची. वडिलांच्या मागे त्या घरातला गणपती बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं, आणि सासूबाईंना ते माझ्याहून जास्त वाटतं. त्यांचं वय ७८. दोन्ही गुडघे दुखतात, पण "तुझ्या बापाचा गणपती मी पाहीन" म्हणून त्या दरवर्षी हट्टाने येतात. त्यांना घरी ठेवून जाण्याचा सल्ला कृपा करून देऊ नका.

आता अडचण सांगते. आमच्याकडे बैलजोडी आहे. पोळा श्रावणातल्या अमावस्येला आणि चवथ भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. आदल्या दिवशीच्या खांदशेकणीपासून पोळा फुटेपर्यंत हे गाव सोडू शकत नाहीत. बैलांना ओवाळल्याशिवाय सासूबाई उंबरठा ओलांडत नाहीत. तान्हा पोळ्याचं आता विशेष नाही, मुलगा नववीत गेला. म्हणजे लवकरात लवकर निघायचं ते प्रतिपदेला. तिकडे तृतीयेच्या संध्याकाळी देवासमोर माटोळी (फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट) बांधायची असते, तेव्हा मी घरात हवी. मधली एखादी तिथी क्षयाची आली तर एक दिवस आणखी कमी.

वाटेत पाऊस. आमच्या गावाजवळचा नाला एकदा भरला की दोन-तीन तास रस्ता बंद. कोकण रेल्वेवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक, गाड्या हळू चालतात. त्यात गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी. आणि शेवटी मांडवी. दिवाडीला मुख्य भूमीवरून पूल नाही, फेरीबोटच. रात्री पावसात सासूबाईंना धक्क्यावर उभं ठेवायची माझी तयारी नाही.

लवकर पोचण्याचा सोस मला नाही. प्रवास लांबला तरी चालेल, पण एक गाडी उशिरा आली म्हणून पुढचं सगळं कोसळू नये, पुलाचे जिने चढावे लागू नयेत आणि धक्क्यावर उजेडात पोचावं. अशी आखणी कशी करता येईल? नागपूर-मडगाव गाडी, मुंबईत गाडी बदलणं, विमान, स्वतःची कार, या चारपैकी काय बरं? वर्ध्याकडून गोव्याला म्हातारं माणूस घेऊन कोणी गेलं असेल तर जरूर लिहा.

पुलगावचा_प्रवासी

ताई, आधी वार बघा. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनदाच आहे, बुधवार आणि शनिवार. दुपारी नागपूरहून निघते, वर्ध्याला थांबते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास गोव्यात शिरते. कुठे बदलायचं नाही, हा तिचा मोठा गुण. पण तुमची प्रतिपदा बुधवारी किंवा शनिवारी आली तरच ती उपयोगाची. शिवाय ती कायमची गाडी नाही, मुदतवाढ मिळत मिळत चालते. म्हणून आरक्षण उघडलं का हे पाहत राहावं लागतं. विशेष गाडीचं भाडंही थोडं जास्त पडतं.

करमळीला उतरा, मडगावपर्यंत जाऊ नका. जुने गोवे तिथून जवळ, आणि दिवाडीचा धक्का जुन्या गोव्यातच आहे. पण पावसाळ्यात ही गाडी दोन-अडीच तास रखडली की अंधार झालाच म्हणून समजा. तुमच्या अटींत ही गाडी नीट बसत नाही असं माझं मत.

अमरावतीकर

विमान का नको? नागपूरहून पुणे, मुंबई कुठूनही जोडून जाता येईल. आजींना विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, तिकीट काढतानाच मागणी नोंदवायची. फक्त तिकिटावर मोपा आहे की दाबोळी ते नीट वाचा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मोपा पेडणे तालुक्यात म्हणजे उत्तर टोकाला आणि दाबोळी वास्कोजवळ. एकाचं समजून दुसऱ्याकडे टॅक्सी ठरवली तर फार गैरसोय होते.

दिवाडीची_लेक

@अमरावतीकर, विचार केला होता. चौघांचं भाडं सणाच्या तोंडावर परवडत नाही, आणि सामानाची अडचण आहे. घरची तुरीची डाळ, ज्वारी, तिखट, वड्या, शेजारपाजाऱ्यांना द्यायची संत्र्याची बर्फी, हे सगळं नेल्याशिवाय सासूबाईंना गेल्यासारखं वाटत नाही. तरी खुर्चीचं लक्षात ठेवते, परतताना कधी गरज पडली तर.

@पुलगावचा_प्रवासी, तुमचं म्हणणं पटलं. अंधाराचीच मला भीती.

वऱ्हाडी_कास्तकार

वहिनी, मी बैलाचं बोलतो, बाकी तिकिटाचं लोक सांगून राहिले. भाऊ आठ दिवस गेले तर जोडीचं चारा-पाणी कोण पाहते? सालदाराचाही सण असते, त्याले पोळ्याच्या आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी नोको. अन् यंदा अधिक मास आहे का तेही पाहून घ्या. अधिक मास आला की चवथ पुढं सरकते अन् सोयाबीनच्या तोंडाशी येते. तवा जास्त दिवस रायता येत नाही. दीड दिवसाचा गणपती करून भाऊंनी वापस यावं, तुम्ही अन् आजी मागून या, असंही करता येते.

काहून की शेंग तडकली तर वरसभराची मेहनत वावरातच रायते.

कोकणकन्येचा_नेहमीचा

मी दरवर्षी मुंबईमार्गे जातो, आई सोबत असते. तुमच्यासाठी मला हे योग्य वाटतं:

प्रतिपदेला संध्याकाळी वर्धा किंवा पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेस. द्वितीयेला सकाळी मुंबई. दिवसभर तिथेच आराम. रात्री कोकणकन्या, जी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून अकराच्या पुढे सुटते. तृतीयेला सकाळी, पावसाळ्यातला उशीर धरला तरी दुपारच्या आत करमळी. म्हणजे धक्क्यावर भर दिवसा.

यात गंमत अशी की विदर्भ चार तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही, मध्ये अख्खा दिवस आहे. बरेच जण वेळ वाचवायला ठाण्याला उतरून सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडतात. ते तुम्ही मुळीच करू नका. दोन गाड्यांमध्ये जेमतेम तास-दीड तास उरतो आणि ठाण्याचा पूल सामानासकट चढावा लागतो. टर्मिनसला दोन्ही गाड्यांसाठी जिना लागत नाही, कारण तिथे रूळ संपतात आणि सगळे फलाट पुढच्या बाजूने एकाच पातळीवर जोडलेले आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला याहून मोठी सोय नाही. पीएनआरवर स्थानकातली विश्रामकक्षाची खोली आधीच घेऊन ठेवा. आजी आडव्या होतील, आंघोळ होईल, जेवण होईल.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. त्याआधी १२० दिवस होते. गणपतीच्या कोकणकन्येची तिकिटं सकाळी आठला उघडली की बघता बघता संपतात. म्हणून आधी कोकणकन्या काढा, विदर्भ नंतर. आणि चढण्याचं स्थानक पनवेल टाकलंत तर तारीख बदलते, कारण गाडी तिथे मध्यरात्रीनंतर येते. टर्मिनसहूनच चढा, तो घोळच नको.

बर्थ_खालचा

वरच्या आखणीत एक भर. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा वेगळा कोटा असतो. पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षं पूर्ण लागतात, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघेच चालतात. चौघांचं एकत्र तिकीट काढलं तर हा कोटा मिळत नाही. ताई, तुमचं वय बसत असेल तर तुम्ही आणि सासूबाई असं दोघींचं वेगळं तिकीट काढा, भाऊ आणि मुलगा दुसऱ्या तिकिटावर. डबे वेगळे आले तरी चालेल, दोघींना खालचा बर्थ मिळणं महत्त्वाचं.

दिवाडीची_लेक

@बर्थ_खालचा, माझं ४६ पूर्ण आहे! हे इतक्या वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. खूप खूप आभार.

@कोकणकन्येचा_नेहमीचा, मधला अख्खा दिवस मोकळा ठेवायचा हे मला सुचलंच नसतं. पण तिथी क्षयाची आली तर? मग प्रतिपदेला निघून तृतीयेला पोचणं जमणार नाही.

कोकणकन्येचा_नेहमीचा

मग पोळ्याच्याच रात्री निघा. पोळा संध्याकाळी फुटतो. सेवाग्राम एक्स्प्रेस नागपूरहून रात्री नऊच्या पुढे सुटते, म्हणजे वर्धा-पुलगावला त्याहून उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबई, रात्री कोकणकन्या. मधला आराम कमी होतो, पण दिवस वाचतो. पंचांग आत्ताच बघून ठेवा, ६० दिवस आधी कळलं पाहिजे.

नाल्याचं मात्र तुम्हालाच बघायचंय. मी तुमच्या जागी असतो तर सासूबाईंना दुपारीच पुलगावला कोणाकडे तरी नेऊन बसवलं असतं.

दिवाडीची_लेक

पोळ्याच्या दिवशी दुपारी त्या हलणार नाहीत हो. पण प्रतिपदेला निघायचं झालं तर सकाळीच पुलगावला नणंदेकडे जाऊन थांबू. सासूबाई सांगतात, आर्वीहून पुलगावला छोटी रेल्वे होती तेव्हा नाल्याचा प्रश्नच नसे.

मांडवीकाठ

ताई, मी चोडणचा, त्यामुळे फेरीबोट रोजचीच. तृतीयेच्या दिवशी माटोळीचं सामान घेऊन येणाऱ्यांची फार गर्दी असते, पण ती गाड्यांची रांग असते. पायी माणसाला रांग नाही आणि तिकीटही नाही. म्हणून टॅक्सी फेरीवर चढेपर्यंत आजींना आत बसवून ठेवू नका. धक्क्यावर उतरवा, हात धरून आधी बोटीत न्या, बाकावर बसवा. गाडी मागच्या फेरीने आली तरी येऊ दे. दिवाडीच्या बाजूला कोणाला तरी गाडी घेऊन उभं राहायला सांगितलंत तर टॅक्सी पलीकडे न्यायचीही गरज नाही.

दुसरं, भरती-ओहोटी बघून घ्या. ओहोटीला पाणी खाली जातं, धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि पावसात त्यावर शेवाळ असतं. शक्यतो भरतीच्या आसपास चढवा. करमळीला सकाळी उतरलात तर तासभर स्थानकात थांबून निघणं परवडेल.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर काही अडचण आली तर रायबंदरहून दिवाडीला वेगळी फेरी आहे. टॅक्सीवाल्याला हे आधीच सांगून ठेवा. चवथीच्या आदल्या दिवशी रिक्षा-टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही, करमळीहून तर नाहीच. ओळखीचा माणूस आठवडाभर आधी ठरवा. आणि माटोळीचं सामान, चित्रशाळेतली मूर्ती हे शेजाऱ्यांवर सोपवा. दोन रात्रींच्या प्रवासानंतर बाजारात फिरू नका.

कारने_फिरणारा

कारचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर असा रस्ता आता चांगला झाला आहे. सोलापुरात किंवा तुळजापुरात मुक्काम करायचा. फायदा एकच, गाडी फेरीवर चढवून थेट दारात. पण पुढे घाट आहेत, पावसात आणि धुक्यात घाट उतरताना आजींना घेऊन मी जाणार नाही. मे महिन्यात मात्र जरूर विचार करा, कौलांच्या कामाला लागणारं सामानही सोबत नेता येईल.

दिवाडीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ह्यांच्यासोबत बसून ठरवलं ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा.

जाताना विदर्भ, टर्मिनसला खोली, रात्री कोकणकन्या, करमळी. पंचांगात तिथी क्षय निघाली तर सेवाग्राम. दोघींचं तिकीट वेगळं. टॅक्सी करमळी ते धक्का एवढीच, पलीकडे शेजारचा दादा गाडी घेऊन येईल, त्याच्याशी आजच बोलले. भरतीची वेळ तोच सांगणार आहे.

@वऱ्हाडी_कास्तकार भाऊ, सालदाराशी हे उद्या बोलतात. विसर्जन झालं की हे मुलाला घेऊन परत येतील, शाळाही बुडणार नाही. आम्ही दोघी मागे राहू. आम्हाला घाई नाही, म्हणून आम्ही मडगाव-नागपूर गाडीच्या वाराची वाट बघून तिनेच येऊ. करमळीला बसायचं ते थेट वर्धा, मध्ये बदलणं नाही.

राहिलेल्या दिवसांत सासूबाईंना नार्वेच्या सप्तकोटेश्वराला न्यायचं आहे. देव मूळ आमच्या दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, मग पलीकडे नार्व्यात नेलेल्या देवाच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. हे ऐकल्यापासून त्यांनी ते मनात धरलंय. दिवाडीहून नार्व्याला फेरी जाते हे मला माहीत आहे, पण त्या बाजूच्या धक्क्यापासून देवळापर्यंत त्यांना किती चालावं लागेल आणि देवळाला पायऱ्या किती, हे लहानपणी कधी मोजलं नाही. @मांडवीकाठ, तुम्ही अलीकडे गेला असाल तर तेवढं सांगाल का?

मांडवीकाठ

या रविवारी जाऊन बघून येतो आणि लिहितो, ताई. आजींच्या पायाने चालून बघतो.