मदत हवी आहे : रात्री आजीची कूस एकट्यानं कशी बदलू?

आजी ८१ वर्षांची, शुगर आहे. खुब्याच्या ऑपरेशनचा आज ५ वा दिवस, कोल्हापुरातच ॲडमिट. काल अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. बोटानं दाबलं तरी फिका पडत नाही, म्हणजे बेडसोरची सुरुवातच. कातडी अजून शाबूत आहे.

एअर बेड भाड्यानं आणलाय, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्यात, पावडर चोळणं बंद केलंय (तेही शेजारच्या बेडवरच्या मावशींशी वाद घालून!). दिवसा सिस्टर दर २ तासांनी वळवतात. रात्री मात्र अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. दोन्ही पायांत उशी ठेवून कुशीवर घ्यायला डॉक्टरांची परवानगी आहे, पण चादर ओढली की आजी कळवळते आणि कातडी घासते.

नर्सिंगमधल्या कुणीतरी सांगा: न घासता, पाठीमागं उशी लावून ३० अंशांवर एकट्यानं कसं वळवायचं? आणि पेनकिलरची वेळ त्याआधी घ्या, असं सिस्टरना म्हटलं तर चालतं का?