मदत हवी आहे: फ्रिजमध्ये पुन्हा पुन्हा बर्फ साचतोय, बायमेटल (बर्फ वितळवणाऱ्या हीटरला वीज जोडणारा स्विच) गेलाय का?

नमस्कार मंडळी. मी नाशिक, इंदिरानगर. आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आठ वर्षांचा आहे. वर फ्रीजर कडक, खाली मात्र कोमट. काल दूध नासलं. आईचं इन्सुलिन शेजारी ठेवलंय, त्यामुळे जीवाला घोर आहे.

फ्रीजरमधलं मागचं पॅनल काढलं तर कॉइल पांढऱ्या बर्फात पार गाडलेली, पंख्याची पाती त्यात घासून करकर वाजत होती. दिवसभर बंद ठेवून बर्फ वितळवला की आठवडाभर छान चालतो, मग पुन्हा तेच. मेकॅनिक न उघडताच गॅस भरा म्हणाले. मला पटत नाही. गॅस कमी असता तर वितळवल्यावर इतका गार झाला नसता.

प्लग काढून मल्टिमीटर लावला. हीटर ३४० ओहम, थर्मल फ्यूज ठीक, बायमेटल उघडा, म्हणजे त्यातून वीज जात नाही. तो गारठ्यातच जोडला जातो, म्हणून शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून काढल्या काढल्या तपासला. तरी उघडाच.

मग दोष त्याचाच ना? की डिफ्रॉस्ट टायमरही (ठरावीक वेळाने बर्फ वितळवणं सुरू करणारा) तपासू? टायमर हाताने फिरवून हीटर चालू होतो का, हे कसं बघायचं? आणि सुटा बायमेटल नाशकात कुठे मिळेल?