ऑर्डर नंबर ११ : मिसुरीतली कॅस काउंटी रिकामी करणं समर्थनीय होतं का?

माळरान

अमेरिकन यादवीत कोणाची बाजू बरोबर होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापर्यंत मला गुलामगिरीचा वकील ठरवलं जाईल. माझा आक्षेप एका सरकारी हुकमावर आहे.

गुलामगिरी टिकवायला दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली आणि त्यातून यादवी पेटली. मिसुरीत गुलामगिरी होती, तरी ते राज्य फुटलं नाही. केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअरही तसेच. त्यामुळे मिसुरीच्या पश्चिम सीमेवर युद्ध फौजाफौजांत कमी आणि बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यांत जास्त झालं. पलीकडे कॅन्सस. १८५० च्या दशकापासूनच इकडच्या टोळ्या तिकडे आणि तिकडच्या इकडे घरं जाळत होत्या. मिसुरीतल्या जळक्या घरांची उभी राहिलेली दगडी धुराडी लोक 'जेनिसनची स्मारकं' म्हणत. जेनिसन हा कॅन्ससचा कर्नल, म्हणजे संघराज्याच्याच बाजूचा.

२१ ऑगस्ट १८६३ ला दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या गनिमी टोळीने कॅन्ससमधलं लॉरेन्स जाळलं आणि दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली. चारच दिवसांनी संघराज्याच्या फौजेतल्या जनरल थॉमस युइंगचा 'ऑर्डर नंबर ११' निघाला. जॅक्सन, कॅस आणि बेट्स या अख्ख्या काउंट्या (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा), शिवाय व्हर्ननचा काही भाग, इथल्या सगळ्यांनी १५ दिवसांत घरदार सोडायचं. सूट फक्त काही लष्करी ठाण्यांभोवतीच्या मैलभर पट्ट्याला आणि कॅन्सस सिटीकडच्या भागाला. कॅसमध्ये अशी दोन गावं होती, हॅरिसनव्हिल आणि प्लेझंट हिल. बेट्समध्ये एकही नाही, म्हणजे अख्खी काउंटी ओस.

आता यातलं मुख्य कलम बघा. ठाण्यावर जाऊन आपली संघराज्याशी निष्ठा सिद्ध केली, तर दाखला मिळणार. तो मिळाला की काय? तर कॅन्ससमध्ये किंवा ठाण्याजवळ राहायला परवानगी. घर सोडायचंच! आणि ९ सप्टेंबरनंतर ठाण्याजवळचं धान्य आणि गवत सरकारजमा, लांबचं असेल ते नष्ट. सप्टेंबरात मका शेतात उभा असतो हे ज्याने शेत पाहिलंय त्याला सांगायला नको. ठाण्यावर नेलेल्या मालापुरती निष्ठावंत मालकांची नावं आणि किती माल घेतला ते लिहून ठेवायचं होतं. लांबच्या शेतात ज्याचा मका जळला त्याची नोंद ठेवायचं कलमच नाही.

कॅसची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती, ती सहाशेवर आली असं सांगतात. शत्रूच्या नव्हे, आपल्याच नागरिकांच्या बाबतीत हे केलं. माझ्या मते ही सरसकट सामूहिक शिक्षा होती.

तिरकस

धागा वाचनीय, निष्कर्ष अमान्य.

लॉरेन्स एका वाक्यात उरकलंत. चारशेच्या वर घोडेस्वार आले, गावात लढायला फौज जवळपास नव्हती, बायकापोरांसमोर माणसं घराबाहेर ओढून मारली. एवढे स्वार, त्यांची घोडी, दाणा, लपायची जागा, ही सोय कोणी केली? झाडांनी? गनिमी टोळीला रसद शेतघरातूनच मिळते. युइंगने लॉरेन्सच्या आधीच, ३ ऑगस्टला, वरिष्ठांना कळवलं होतं की त्या भागातली साधारण दोन तृतीयांश कुटुंबं टोळीवाल्यांची नातलग आहेत आणि मनापासून त्यांना पोसतायत. १८ ऑगस्टला त्याच रोखाने आधीचा हुकूमही निघाला होता. तेव्हा हे केवळ रागाच्या भरात झालं म्हणणं टिकत नाही.

आणि निष्ठावंतांचं म्हणाल, तर टोळी रात्री दार ठोठावून बंदूक रोखून भाकरी मागते तेव्हा त्याची निष्ठा काय कामाची? तोही नाइलाजाने रसदच पुरवतो. उठवायचं तर सगळ्यांना उठवावं लागतं.

माळरान

@तिरकस, दोन तृतीयांश. म्हणजे उरलेले एक तृतीयांश नाहीत, हे खुद्द युइंगच सांगतोय ना! मूळ सूचना टोळीवाल्यांच्या कुटुंबांपुरती होती, लॉरेन्सनंतर ती सगळ्यांवर ताणली. तुमचा बंदुकीचा मुद्दा कबूल, पण मग त्या शेतकऱ्याला संरक्षण द्यायचं सोडून त्याचंच पीक जाळायचं हे कुठलं शहाणपण?

निळी शाई

इतके प्रतिसाद झाले, गुलाम कुठे आहेत? वस्ती दहा हजार म्हणता, त्यात दहातला एक माणूस गुलाम होता. लिंकनची मुक्तीची घोषणा मिसुरीला लागूच नव्हती, कारण राज्य बंडखोर नव्हतं. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली ती ११ जानेवारी १८६५ ला. तोवर सीमा ओलांडून कॅन्ससला पळणं हा एक मोकळा रस्ता होता, आणि बरेच जण पळालेही.

पळून गेलेल्यांतले काही बंदूक घेऊन परतले. ऑक्टोबर १८६२ मध्ये याच बेट्स काउंटीत, आयलंड माउंडला, कॅन्ससच्या कृष्णवर्णीय पलटणीने गनिमी टोळीशी लढत दिली. एका शेतात मोर्चा बांधून त्याला 'फोर्ट आफ्रिका' नाव दिलं. या युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीने दिलेली पहिली लढाई म्हणून ती ओळखली जाते. काउंटीचा इतिहास लिहिताना 'आम्हाला घालवलं' हे ठळक अक्षरांत येतं, आणि 'आमच्याकडून कोण पळालं' हे येतच नाही. तुमच्या लेखातही नाही आलं, माळरान.

वऱ्हाडी ठेचा

निळी शाई यांच्याशी सहमत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रुमन यांची आई दहा वर्षांची असताना याच हुकमाने घराबाहेर पडली होती, आणि यांकींवरचा (उत्तरेकडच्यांवरचा) राग तिने जन्मभर सोडला नाही. मात्र तिच्या वडिलांच्या घरी गुलाम होते हे किश्शात कोणी सांगत नाही. किस्सा बाकी झकास आहे.

माळरान

@निळी शाई, टीका रास्त. त्याने हुकूम मात्र न्याय्य ठरत नाही. ज्यांच्या घरी एकही गुलाम नव्हता अशी बहुसंख्य शेतकरी कुटुंबंही त्याच रस्त्याला लागली. बैल आणि घोडी आधीच लुटली गेलेली, म्हणून काहींनी गाडीला गायी जुंपल्या.

हिशेबी

नीतिमत्ता बाजूला ठेवा, उपयोग झाला का ते बघू.

क्वांट्रिल ऑक्टोबरात टेक्ससकडे निघाला. पण टोळ्या दरवर्षी थंडीत, झाडांची पानं गळाली की दक्षिणेला सरकतच. जाता जाता ६ ऑक्टोबरला बॅक्स्टर स्प्रिंग्जला त्याने शंभराच्या आसपास माणसं मारली. पुढच्या वर्षी त्याच टोळीतून फुटलेला बिल अँडरसन मध्य मिसुरीत उगवला, आणि सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट्रेलियाला त्याने आगगाडीतून उतरवून निःशस्त्र सैनिक मारले. आग विझली नाही, पूर्वेला सरकली. शिवाय हा भाग जानेवारी १८६४ मध्ये दुसऱ्या जनरलकडे गेला, त्याने निष्ठेची शपथ घेणाऱ्यांना परत येऊ दिलं. पाच महिन्यांत गुंडाळावं लागलेल्या धोरणाला यश म्हणायला मी तयार नाही.

तिरकस

@हिशेबी, हिशेब अर्धाच मांडलात. लॉरेन्सनंतर कॅन्ससचा सिनेटर लेन तिथे माणसं जमवत होता, मिसुरीत घुसून सूड घ्यायला. हल्ल्याच्या दिवशी तो स्वतः मक्याच्या शेतातून पळून वाचला होता. लोकांचा संताप एवढा होता की युइंगने काहीच केलं नसतं तर हे काम जमावाने केलं असतं, आणि जमाव १५ दिवसांची मुदत देत नाही. हुकूम क्रूर होता, मान्य. त्यापेक्षा भीषण होऊ घातलेलं टळलं. कॅन्ससवर पुन्हा लॉरेन्ससारखा हल्ला झाला नाही हेही जमेला धरा.

हिशेबी

जमाव आला नाही खरा, पण हुकूम राबवायला कॅन्ससच्याच पलटणी होत्या. लुटालूट आणि जाळपोळ त्यांनी वर्दीत केली. लेनच्या माणसांना हवं होतं त्यातलं बरंचसं सरकारी खर्चाने झालं.

निळी शाई

बिंगहॅमच्या चित्राचा विषय कोणी काढला नाही अजून? हा चित्रकार संघराज्यवादीच, मिसुरीचा खजिनदार होता. हुकमावर इतका चिडला की युद्धानंतर भलंमोठं चित्र रंगवलं : दारात म्हातारा ताठ उभा, मेलेला तरुण पायाशी, मागे धुराचे लोट आणि घोड्यावर बसून बघणारा युइंग. युइंग १८७९ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला तेव्हा हेच चित्र त्याच्याविरुद्ध फिरवलं गेलं, आणि तो हरला. चित्र ताकदीचं आहे, पण त्यातला शेतकरी घरंदाज आणि निष्पाप. लॉरेन्सचा मागमूस नाही.

तिरकस

तेच म्हणतोय. आज आपल्या डोक्यात हा हुकूम आहे तो निम्मा त्या चित्रातून आलेला.

माळरान

चित्र नकोच, लिंकनचं पत्र घ्या. ऑक्टोबर १८६३ मध्ये त्याने युइंगचा वरिष्ठ जनरल स्कोफिल्डला लिहिलं की काउंट्या सरसकट रिकाम्या करण्यात मी सध्या हस्तक्षेप करत नाही, तुमच्या विवेकावर सोडतो. समर्थन केलं नाही, थांबवलंही नाही.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे बडे साहेब फाइल खाली ढकलून मोकळे. याच युइंगने नंतर लिंकनच्या खून-खटल्यात आरोपी डॉ. मडचं वकीलपत्र घेतलं होतं, त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.